कपिलचे १७५ कुठे गेले? ब्रिटिश रेडिओ-टीव्हीने काय जपलं, काय पुसलं

टेम्सकाठचा

नमस्कार मंडळी,

परवा जेवताना मुलाने (वय अकरा, क्रिकेटचं वेड पूर्ण भिनलेलं) फर्माईश केली, "बाबा, कपिलदेवचे ते १७५ लावा ना." मी म्हटलं, लावता येणार नाहीत, त्या खेळीचं चित्रणच नाही. त्याचा विश्वास बसेना. त्याला वाटलं, लवकर झोपवायचं म्हणून मी काहीतरी सांगतोय.

शेवटी रविवारी त्याला घेऊन टनब्रिज वेल्सला गेलो. आमच्या घरापासून तासाभराचं अंतर. नेव्हिल ग्राउंड हे काही मोठं स्टेडियम नाही, आपल्याकडच्या जिमखान्यासारखं मैदान आहे. कडेने रोडोडेंड्रॉनची झाडं गुलाबी-जांभळी फुललेली. १८ जून १९८३ला विश्वचषकाच्या सामन्यात इथेच भारत ५ बाद १७ होता. तिथून कपिलने १३८ चेंडूंत नाबाद १७५ काढले, १६ चौकार आणि ६ षटकार. किरमाणीबरोबर नवव्या विकेटला नाबाद १२६. पोरगा सीमारेषेपाशी उभा राहून म्हणाला, "एवढी माणसं बघायला आली होती, मग एकपण कॅमेरा कसा नव्हता?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. १९२२ पासून रेडिओ आणि १९३६ पासून नियमित टीव्ही असलेल्या देशात असं कसं होतं? थोडं वाचायला घेतलं तर कळलं, गेलेली ही एकच गोष्ट नाही, यादी फार मोठी आहे. मला आता ठामपणे वाटतं की ब्रिटिश प्रसारणाचा इतिहास जितका केलेल्या कार्यक्रमांचा आहे, तितकाच हरवलेल्या कार्यक्रमांचा आहे. जाणकारांनी लिहावं. हे झालं कसं?

सातारी_कंदी

संप होता हो त्या दिवशी बीबीसीत. लहानपणापासून ऐकतोय.

चौकट_राजा

@सातारी_कंदी, संपाचा किस्सा सगळेच सांगतात. पण त्या दिवशी इंग्लंडात एकाच वेळी चार सामने चालू होते हेही लक्षात घ्या. लॉर्ड्सवर वेस्ट इंडिज-ऑस्ट्रेलिया, ओल्ड ट्रॅफर्डला इंग्लंड-पाकिस्तान, डर्बीला न्यूझीलंड-श्रीलंका आणि चौथा आपला, झिम्बाब्वेशी. प्रत्येक सामन्याला कॅमेरे न्यायची तेव्हा पद्धतच नव्हती. संप नसता, तरी कॅमेऱ्याच्या गाड्या भारत-झिम्बाब्वेकडे वळल्या असत्या असं मला वाटत नाही. आपण तोवर विश्वचषकात फक्त पूर्व आफ्रिकेला हरवलं होतं आणि त्या स्पर्धेत नुकतंच वेस्ट इंडिज आणि झिम्बाब्वेला. कोण येणार होतं?

सातारी_कंदी

पटतंय, पण संपाची गोष्ट सोडवत नाही राव. चाळीस वर्षं सांगतोय लोकांना.

अभियंता७१

धागा वर आला म्हणून बऱ्याच दिवसांनी लॉगिन झालो. माझी सगळी नोकरी प्रक्षेपणात गेली, म्हणून तांत्रिक बाजू सांगतो.

पहिली गोष्ट, प्रसारण म्हणजे "जपून ठेवायची वस्तू" ही कल्पनाच सुरुवातीला नव्हती. १४ नोव्हेंबर १९२२ला लंडनच्या मार्कोनी हाउसमधून २एलओ केंद्रावर आर्थर बरोज यांनी बातम्या वाचल्या. दोनदा वाचल्या, एकदा भरभर आणि एकदा सावकाश, आणि श्रोत्यांना विचारलं, कोणती गती बरी वाटते ते कळवा. या माणसांपुढचा प्रश्न "ऐकू जातंय का" एवढाच होता.

आवाज मुद्रित करायची पहिली यंत्रणा बीबीसीकडे १९३०च्या सुमारास आली. तिचं नाव ब्लॅटनरफोन. तिच्यात आपल्या ओळखीची प्लास्टिकची टेप नव्हती, पोलादाची पट्टी होती. भन्नाट वेगाने फिरायची, तुटली तर माणसाला कापत जाईल अशी. जोड द्यायचा तर वेल्डिंग. आणि ती कशाला लागली, तर डिसेंबर १९३२ला सुरू झालेल्या एम्पायर सर्व्हिससाठी. ऑस्ट्रेलिया, भारत, आफ्रिका, कॅनडा, सगळ्यांच्या घड्याळाला तोच कार्यक्रम पुन्हा लावायचा होता. म्हणजे तिथे मुद्रण आलं ते पुन्हा वाजवायच्या सोयीपोटी, जपण्यासाठी नव्हे.

टीव्हीचं त्याहून अवघड. १९५८ला बीबीसीने स्वतःचं व्हिडिओ मुद्रण यंत्र दाखवलं, नाव व्हेरा. टेपचा वेग सेकंदाला २०० इंच. म्हणजे सेकंदात पाच मीटर टेप संपणार. जवळजवळ दोन फूट व्यासाच्या रिळात पंधरा मिनिटं मावायची. ते यंत्र मागे पडलं आणि अमेरिकन अँपेक्सची दोन इंच रुंद टेप आली. ती चांगली होती पण भयंकर महाग, आणि पुसून पुन्हा वापरता येणारी. आता तुम्हीच विचार करा. कपाटात शंभर टेपा आहेत, उद्याच्या नाटकाला टेप नाही, आणि नवी मागवली तर हिशेब खाते विचारणार, जुन्यांचं काय करताय?

मी हे दुसऱ्याला नावं ठेवायला लिहीत नाही. ऐंशीच्या दशकात आमच्या केंद्रावर मी स्वतः यादीवर सही करून टेपा पुसायला दिल्या आहेत. त्यात एका वृद्ध गायिकेची अर्ध्या तासाची मैफल होती. ती बाई पुढच्या वर्षी गेली. त्या टेपेवर मग शेतीविषयक चर्चा चढली. पुसायच्या यंत्रात टेप घातली की एक जाड घुंंsss असा आवाज यायचा आणि काम झालं. तो आवाज अजून कानात आहे.

गवती_चहा

काका, शेवटचा परिच्छेद वाचून पोटात कालवलं. लिहीत राहा कृपया.

मंजिरी_क

@अभियंता७१ काका, फार सुंदर प्रतिसाद. थोडी भर घालते. उत्तर लंडनमध्ये टेकडीवर अलेक्झांड्रा पॅलेस आहे, मी तिथून पंधरा मिनिटांवर राहायचे. २ नोव्हेंबर १९३६ला नियमित टीव्ही सुरू झाला तो इथून. दोन स्टुडिओ, दोन प्रतिस्पर्धी पद्धती. एक आठवडा बेअर्डची २४० रेषांची, पुढचा आठवडा मार्कोनी-ईएमआयची ४०५ रेषांची (जितक्या जास्त रेषा, तितकं चित्र स्पष्ट).

बेअर्डच्या स्टुडिओत काय करत माहीत आहे? एका पद्धतीत आधी चक्क फिल्मवर चित्रण करायचे, ती फिल्म तिथल्या तिथे सायनाइडच्या रसायनात बुडवून मिनिटाभरात धुवायचे, आणि ओली असतानाच तिच्यावरून चित्र प्रक्षेपित करायचे. कॅमेरा पाण्याच्या नळ्यांनी जमिनीला जखडलेला. पलीकडच्या स्टुडिओत मार्कोनी-ईएमआयचे कॅमेरे सरकत होते, वळत होते. १९३७च्या फेब्रुवारीत बेअर्डची पद्धत बंद झाली.

संध्याकाळी त्या टेकडीवरून लंडनचे दिवे दिसतात. मनोरा अजून तसाच उभा आहे. मी दर वेळी तो बघत उभी राहायचे.

चष्मिष

पण मग शाळेत शिकवलेलं "टीव्हीचा शोध जॉन लोगी बेअर्ड" हे चूक?

मंजिरी_क

चूक नाही गं, अपुरं आहे. २६ जानेवारी १९२६ला सोहो भागातल्या फ्रिथ स्ट्रीटवरच्या माडीवर त्याने शास्त्रज्ञांना हलतं चित्र दाखवलं, ते खरंच. त्याआधी तो एका बोलक्या बाहुल्याचं डोकं प्रकाशात ठेवून प्रयोग करायचा, कारण दिव्यांच्या उष्णतेत जिवंत माणूस बसू शकत नसे. चित्र दिसल्यावर तो धावत खाली गेला आणि विल्यम टेंटन नावाच्या ऑफिसबॉयला वर आणून बसवलं. पोरगं घाबरून मागे सरकलं, तर त्याला अर्धा क्राउन हातावर ठेवून पुन्हा बसवलं. पण त्याची पद्धत फिरत्या चकतीची. पुढे जो टीव्ही घरोघरी गेला तो पूर्ण इलेक्ट्रॉनिक होता, आणि तो आयझॅक शोनबर्ग यांच्या ईएमआयमधल्या चमूचा.

पाणकावळा

अलेक्झांड्रा पॅलेसवरून आठवलं. १ सप्टेंबर १९३९ला युद्ध तोंडावर आलं म्हणून मिकी माउसचं कार्टून चालू असताना मध्येच टीव्ही बंद केला, आणि १९४६ला तिथूनच पुढे सुरू केला!

मंजिरी_क

दादा, ही दंतकथा फार गोड आहे, पण कार्टून पूर्ण दाखवलं होतं. त्यानंतर चाचणीचे संकेत गेले आणि मग बंद. प्रक्षेपकाच्या लहरींचा माग धरून शत्रूची विमानं येतील ही भीती होती, शिवाय तिथले इंजिनिअर रडारच्या कामाला हवे होते. ७ जून १९४६ला पुन्हा सुरू झाल्यावर तेच कार्टून मुद्दाम दाखवलं, एवढं मात्र खरं.

निंबोणी

सगळं ठीक, पण इथे राहून दर वर्षी टीव्हीची लायसन्स फी (एप्रिल २०२५ला ती १७४.५० पौंड होती) भरणाऱ्या माझ्यासारखीने विचारावं का? लोकांच्या खिशातून पैसे घेऊन केलेले कार्यक्रम यांनी पुसले कोणाच्या परवानगीने? सुरुवातीपासून ही सक्तीची वर्गणी आहे. १९२२ला वर्षाला १० शिलिंग. थेट टीव्ही बघतच नसते तर गोष्ट वेगळी. दुसरी चॅनेलं थेट बघते, बीबीसी बघत नाही, तरी भरा. माझा या व्यवस्थेवर राग आहे आणि तो मी लपवत नाही.

टेम्सकाठचा

@निंबोणी, राग समजतो. पण त्या दहा शिलिंगांमुळेच जाहिरातदार डोक्यावर बसला नाही. बीबीसी आधी रेडिओ विकणाऱ्या कंपन्यांनी मिळून काढलेली कंपनी होती, रेडिओ विकायचे तर ऐकायला काहीतरी हवं म्हणून. १ जानेवारी १९२७ला ती सार्वजनिक महामंडळ झाली. मधे १९२६च्या मे महिन्यात सार्वत्रिक संप झाला, वर्तमानपत्रं बंद पडली, आणि चर्चिलना बीबीसी सरळ सरकारी ताब्यात हवी होती. बीबीसीचे प्रमुख जॉन रीथ यांनी ते होऊ दिलं नाही.

निंबोणी

होऊ दिलं नाही, पण संपाच्या बाजूने बोलू पाहणाऱ्या मजूर पक्षाच्या रॅमसे मॅकडोनाल्डना माइकही दिला नाही. हेही लिहा. अर्धी बाजू सांगितली की मला राहवत नाही.

टेम्सकाठचा

बरोबर आहे तुमचं. लिहायला हवं होतं.

पाणकावळा

आपल्याकडेही रेडिओला लायसन्स होतंच की. आजोबांचं पासबुकासारखं पुस्तक आमच्या पेटीत आहे, पोस्टात जाऊन तिकिटं चिकटवून आणायची. माझ्या आईला एकदा पोस्टमन दारात दिसताच आजीने रेडिओवर गोधडी टाकायला लावली होती, तो पत्र द्यायला आला होता.

रंकाळा

कोल्हापूरकर म्हणून एक नाव इथे यायलाच पाहिजे. वेणू चितळे. आमच्या कोल्हापूरकडच्या. युद्धकाळात लंडनला बीबीसीच्या ईस्टर्न सर्व्हिसमध्ये होत्या, जॉर्ज ऑर्वेलबरोबर काम करत होत्या. तिथल्या इंग्रजी श्रोत्यांसाठी बातम्याही वाचल्या. रेशनच्या दिवसांत मांस मिळेना, तेव्हा भाज्यांचा स्वयंपाक कसा करावा हे त्यांनी इंग्लंडच्या बायकांना रेडिओवरून सांगितलं. नऊवारीच्या घरातली मुलगी, बॉम्ब पडताहेत, आणि ही माइकसमोर बसून भाजीची कृती सांगतेय. मला हे चित्र डोळ्यांपुढून हलत नाही.

१९४२ चा एक फोटो आहे, 'व्हॉइस' नावाच्या काव्यविषयक कार्यक्रमाचा. टेबलाशी टी. एस. एलियट, यूना मार्सन, मुल्कराज आनंद, नारायण मेनन. मागे ऑर्वेल उभा. आणि डावीकडे कडेला वेणूताई. आमच्या एका सरांनी तो फोटो मोठा करून वर्गात लावला होता.

मराठीतूनही बीबीसीचं प्रसारण १९४२ला सुरू झालं होतं आणि १९५८ पर्यंत चाललं. नंतर थेट २०१७ला बीबीसी मराठी पुन्हा आली. मधली ५९ वर्षं आपण हिंदीवर भागवलं.

चष्मिष

मराठी १९४२ला?? हे पहिल्यांदा ऐकलं. रंकाळादादा, यावर वेगळा धागा काढा.

अभियंता७१

@रंकाळा, ऑर्वेलचं नाव घेतलंत म्हणून सांगतो, धाग्याच्या मूळ मुद्द्याशी याचा अगदी सरळ संबंध आहे. तो माणूस १९४१ ते १९४३ अशी दोन वर्षांहून जास्त बीबीसीत होता. भारतासाठी कार्यक्रम लिहायचा, स्वतः बोलायचा. आणि आज त्याच्या आवाजाचं एकही मुद्रण उपलब्ध नाही. एकही नाही. गेल्या शतकातला इतका वाचला गेलेला लेखक, रेडिओच्या इमारतीत रोज येणारा, आणि त्याचा आवाज कसा होता हे फक्त ऐकणाऱ्यांनी लिहून ठेवलंय म्हणून कळतं.

रंकाळा

हे वाचून काही सुचेना. म्हणजे त्या फोटोतला तो माणूस आपल्यासाठी कायमचा मुका आहे.

नगरी_हुरडा

कोल्हापूर आलं तर नगर मागे का राहील? स्पाइक मिलिगनचा जन्म अहमदनगरचा, १६ एप्रिल १९१८. वडील ब्रिटिश सैन्यात. बालपणाचा बराच काळ पुण्यात गेला. हाच पुढे 'द गून शो' लिहिणारा, १९५१ ते १९६० बीबीसी रेडिओवर. इंग्लंडच्या विनोदाची अख्खी पुढची पिढी त्याच्यावर वाढली. आमच्या गावच्या पाण्याचा गुण आहे, दुसरं काय!

आणि त्या कार्यक्रमाच्या सुरुवातीच्या मालिकांमधले बहुतेक भाग गेले. जे वाचले त्यातले बरेच परदेशी रेडिओ केंद्रांना पाठवायला तबकड्या काढल्या होत्या म्हणून वाचले.

देवळालीचा_दत्तू

मग आमची देवळाली पण घ्या. १९७४ ते १९८१ बीबीसीवर 'इट एन्ट हाफ हॉट मम' नावाची विनोदी मालिका होती, सुरुवातीला घडते देवळालीच्या छावणीत. इंग्रजीत वेड लागलेल्याला 'डुलाली' म्हणतात तो शब्दही आमच्या गावावरून. घरी परत जाणारं जहाज येईपर्यंत सैनिक इथे महिनोन्महिने पडून राहायचे आणि डोक्यावर परिणाम व्हायचा.

गवती_चहा

@देवळालीचा_दत्तू, त्याच मालिकेत रंगी राम या भारतीय नोकराचं काम गोऱ्या नटाने चेहरा रंगवून केलंय ना? म्हणूनच बीबीसी ती पुन्हा दाखवत नाही. असल्या गोष्टी पुसल्या गेल्या असत्या तर मला वाईट वाटलं नसतं, खरं सांगते.

मंजिरी_क

मी इथे पूर्ण असहमत. दाखवू नका, पण पुसूही नका. आपल्याला कसं बघितलं जात होतं याचा तो पुरावा आहे. पुरावा नष्ट झाला की उद्या कोणी म्हणेल, असं काही नव्हतंच.

गवती_चहा

त्या काळात तिथल्या शाळेत शिकलेल्या आतेभावाला दुसऱ्या दिवशी वर्गात काय ऐकावं लागायचं ते त्याने सांगितलंय, म्हणून माझं मत असं आहे. तरीही तुझा मुद्दा विचार करण्यासारखा आहे, मंजिरी. जपून ठेवावं, पण बाहेर काढताना सोबत सांगायला माणूस हवं.

चौकट_राजा

पुसण्याचं आणखी एक कारण कोणी लिहिलं नाही, कलाकारांच्या संघटना. नटांच्या इक्विटी संघटनेचं म्हणणं, जुनं नाटक पुन्हा पुन्हा दाखवलंत तर नव्या नटाच्या पोटाचं काय? म्हणून पुनःप्रक्षेपणावर मर्यादा होत्या. वादकांचंही तेच. रेडिओवर दिवसाला ठरावीक तासच ध्वनिमुद्रिका लावायच्या, बाकी वेळ वादक बसवून वाजवून घ्यायचं. त्यामुळेच तर १९६४ला समुद्रात जहाज उभं करून रेडिओ कॅरोलाइनने दिवसभर गाणी लावली आणि पोरं तिकडे पळाली. ऑगस्ट १९६७ला कायदा करून असल्या जहाजांची कोंडी केली, आणि ३० सप्टेंबरला बीबीसीला स्वतःचं रेडिओ वन काढावं लागलं. जहाजावरचेच निवेदक घेऊन!

मग एकदा दाखवून झालेलं नाटक, पुन्हा दाखवायला मनाई, घरोघरी व्हीसीआर नाही, विकायची सोय नाही. ठेवायचं कशाला? त्यांच्या जागी बसून बघितलं तर मूर्खपणा वाटत नाही, हेच जास्त वाईट आहे.

चष्मिष

बीबीसीच्या 'डॉक्टर हू' या विज्ञानकथा मालिकेचेच किती भाग गेलेत! पहिला भाग २३ नोव्हेंबर १९६३ला लागला, केनेडींच्या हत्येच्या दुसऱ्या दिवशी. त्या गडबडीत म्हणून पुढच्या आठवड्यात पुन्हा दाखवला. पहिल्या कथेचा दिग्दर्शक वारिस हुसेन, जन्म लखनौचा, तेव्हा पंचविशीत. साठच्या दशकातले नव्वदहून जास्त भाग आज चित्ररूपात नाहीत.

पण ऐका, हरवलेल्या प्रत्येक भागाचा आवाज आहे! कारण तेव्हाची शाळकरी पोरं टीव्हीच्या स्पीकरसमोर माइक धरून टेपरेकॉर्डरवर आवाज भरून घ्यायची. घरच्यांना "गप्प बसा" म्हणत. संस्थेने पुसलं आणि पोरांनी जपलं. मला हे कळलं तेव्हा मी अक्षरशः टाळ्या वाजवल्या.

अभियंता७१

@चष्मिष, आणि ही परंपरा त्याहून जुनी आहे. १९३३च्या एप्रिलमध्ये बेअर्डच्या ३० रेषांच्या पद्धतीवर बीबीसीने 'लुकिंग इन' नावाचा संगीत-नृत्याचा कार्यक्रम दाखवला. ३० रेषांचा संकेत इतका बारीक की तो आवाजासारखा तबकडीवर कोरता यायचा. कोणा हौशी माणसाने घरी बसून अल्युमिनियमच्या तबकडीवर तो कोरून घेतला. साठेक वर्षांनी डोनाल्ड मॅकलीन यांनी संगणकावर त्यातून चित्र परत मिळवलं. चार-पाच मिनिटं, पाय उडवून नाचणाऱ्या मुली. प्रत्यक्ष प्रसारित झालेल्या टीव्हीचं आज हाती असलेलं सगळ्यात जुनं चित्रण तेच, आणि ते घरातलं.

बीबीसीत नीट अभिलेखागाराचं धोरण आलं १९७८ला. तोवर चित्रफितींचा एक विभाग, परदेशी विक्रीच्या फिल्म-प्रतींचा दुसरा विभाग, आणि दोघांना वाटायचं, दुसऱ्याकडे असेलच.

पाणकावळा

"दुसऱ्याकडे असेलच." आमच्या घरच्या लग्नाच्या अल्बमचं हेच झालं.

चौकट_राजा

परदेशी प्रतींवरून, २०१३ला जाहीर झालं तेव्हा 'डॉक्टर हू'चे नऊ हरवलेले भाग नायजेरियात जॉस शहरातल्या टीव्ही केंद्रात सापडले. फिलिप मॉरिस नावाचा माणूस देशोदेशी फिरून असे डबे शोधतो. फडताळात धूळ खात होते, डब्यावर चिकटपट्टी. एका देशाने दाखवून झालं की पुढच्या देशाला पाठवायचे, तशी ती शेवटच्या थांब्यावर पडून राहिली.

निंबोणी

लायसन्स फीवर माझं मत बदललेलं नाही. पण त्या पोरांचं वाचून बरं वाटलं.

बार्शीकर

बरेच दिवस नुसता वाचक आहे, हा पहिलाच प्रतिसाद. काही चुकलं तर सांभाळून घ्या.

आमच्याकडे १९८३ला टीव्ही नव्हता, गावात कोणाकडेच नव्हता. काका मस्कतला होते, त्यांनी आणलेला टू-इन-वन होता. वडील प्राथमिक शिक्षक. रोज रात्री शॉर्टवेव्हवर लंडन लावायचे. इंग्रजी सुधारतं म्हणायचे, आम्हालाही बसवायचे. २५ जून १९८३च्या रात्री आपण विश्वचषक जिंकल्यावर त्यांनी लंडनच्या बातम्या कॅसेटवर भरून घेतल्या. म्हणाले, "आपल्या रेडिओने सांगितलंच, पण हरलेल्यांच्या घरातून ऐकू दे." वेस्ट इंडिज हरलं होतं खरं तर, पण वडिलांच्या लेखी लॉर्ड्स म्हणजे इंग्रजांचं घर.

ती कॅसेट अजून आहे. वेष्टनावर त्यांच्या अक्षरात "लंडन. विजय." लिहिलंय. वडील २००९ला गेले. हा धागा वाचून काल पेटीतून काढली, पण वाजवायची भीती वाटते. टेप आतून चिकटल्यासारखी दिसते, दाबून धरणारा तो स्पंजचा तुकडा पडलाय. काका (अभियंता७१), काय करू?

अभियंता७१

आधी एक करा. वाजवू नका. जुन्या प्लेअरमध्ये तर अजिबात नाही.

कॅसेट दोन दिवस खोलीच्या हवेत कोरड्या जागी राहू दे. टेपवर पांढरी बुरशी दिसते का ते उजेडात धरून बघा. दिसली तर तसंच थांबा आणि मला कळवा. नसली तर पेन्सिल घालून हाताने, अगदी सावकाश, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गुंडाळा आणि परत उलटी. अडली तर जोर लावू नका, कॅसेट तळहातावर हलकेच आपटा. मग स्क्रूवाली रिकामी कॅसेट आणून टेप तिच्यात हलवा, स्पंज नवा मिळेल. प्लेअरचं हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून घ्या. आणि पहिल्यांदा वाजवाल तेव्हाच संगणकावर मुद्रण चालू ठेवा. पहिली वेळ शेवटची असू शकते, असं धरून चाला. कुठे अडलात तर रात्री बारालाही निरोप करा.

मंजिरी_क

बार्शीकर दादा, आम्ही सगळे थांबलोय.

टेम्सकाठचा

घाई करू नका. पण मुलाला सांगितलंय मी.

बार्शीकर

बुरशी नव्हती. दोन संध्याकाळी पेन्सिलीने गुंडाळत बसलो, मुलीने टॉर्च धरला. आज दुपारी वाजली.

आधी बराच वेळ नुसती खरखर. मग लिलिबुलेरो, लंडन केंद्राची ती ओळखीची धून, लांबून आल्यासारखी, मध्येच बुडते, पुन्हा वर येते. मग वेळेचे ठोके, पाच छोटे, एक लांब. बाई बातम्या वाचतात. आपली बातमी जेमतेम मिनिटभर आहे. त्यात अर्धे शब्द लहरींत गेलेत, पण "इंडिया" दोनदा स्वच्छ ऐकू येतं. आणि दुसऱ्यांदा "इंडिया" म्हटल्यावर आईचा आवाज येतो, "अहो, दूध उतू चाललंय, बघा जरा." त्यावर वडील, "थांब गं. लंडन बोलतंय."

आई आता ८१ची आहे. तिला तीनदा ऐकवलं. फाइल वर चढवली आहे, दुवा खरडवहीत देतो.

टेम्सकाठचा

ऐकलं. दोघांनी मिळून, कानाला एकच हेडफोन लावून. पोरगा आधी म्हणाला, ती मागे शिट्टी कसली वाजतेय? त्याला शॉर्टवेव्ह समजावण्यात अर्धा तास गेला. मग म्हणाला, आता दुधाचं काय झालं ते विचारा.

बार्शीकर

उतू गेलं. आईला सगळं आठवतंय.